बापाला नाही म्हणण्याचा सराव

लेक बोलण्याच्या परीक्षेत नापास झाली तेव्हा मी ताबडतोब जाहीर केलं, "परीक्षक पक्षपाती असणार." ग्रामपंचायतीला दोनदा पडलेल्या माणसाला निकालाचं दुसरं कारण सुचत नाही.

लेक नर्स आहे. बीडला एका दवाखान्यात दोन वर्षं काम केलं आणि मग तिच्या डोक्यात जर्मनी शिरलं. तिकडं नर्सा पाहिजेत, पण आधी त्यांची भाषा यायला हवी आणि तशी परीक्षा पास व्हायला हवी. वाचणं, ऐकणं, लिहिणं आणि बोलणं, असे तिचे चार भाग. पहिले तीन तिनं घरीच, फोन आणि दोन पुस्तकं यांच्या जिवावर काढले. बोलण्यात अडकली. बोलायला समोर माणूस लागतो आणि आमच्या युसूफ वडगावच्या पंचक्रोशीत जर्मन येणारा माणूस एकच, ती स्वतः. म्हणून समोरचा माणूस मी व्हायचं ठरवलं. मला कुणी विचारलं नव्हतं. माझी बहुतेक पदं मी अशीच, कुणी न विचारता घेतलेली आहेत.

आधी मलाच शिकणं भाग होतं. फोनमधलं एक ॲप रोज सकाळी माझी हजेरी घ्यायचं. चार महिन्यांत मी 'मुलगा सफरचंद खातो' इथवर पोचलो. आमच्याकडं मुलगा सफरचंद आजारी पडल्याशिवाय खात नाही, त्यामुळं हे वाक्य वापरायची संधी काही आली नाही. मग लेकीनं जुन्या लग्नपत्रिका कापून त्यांच्या कोऱ्या बाजूवर शब्द लिहिले आणि कपाट, दार, पिठाचा डबा, शिलाई मशीन, सगळ्यांना चिठ्ठ्या डकवल्या.

"पाव्हणे आले तर म्हणतील, घराचा लिलाव निघाला," बायको म्हणाली.

तिसरा उपाय बातम्यांचा. सावकाश वाचलेल्या जर्मन बातम्या कानात घालायच्या आणि वाचणाऱ्याच्या मागोमाग तेच मोठ्यानं म्हणत चालायचं. लेक हे अंगणात करायची, मी शेळ्यांमागं. शेजारच्या रानातल्या माझ्या वर्गमित्रानं दोन दिवस बघितलं आणि तिसऱ्या दिवशी बांधावर येऊन विचारलं, "काय बे, इलेक्शन जवळ आली का?"

खरा सराव संध्याकाळी ओट्यावर. परीक्षेत दोन उमेदवार समोरासमोर बसवतात आणि एखादा बेत आखायला सांगतात. सहल काढायची, आजारी मैत्रिणीला भेटायला जायचं, असलं काही. एकानं सुचवायचं, दुसऱ्यानं आपलं मत द्यायचं, अडचण काढायची, आणि शेवटी दोघांनी मिळून ठरवायचं. मी सुचवायचो, "रविवारी जाऊ."

"या, गूटे इडे," लेक म्हणायची. हो, छान कल्पना.

"पहाटे पाचला निघू."

"या, गूटे इडे."

एकदा मी दवाखान्यात मैत्रिणीला भेटायला बारा माणसं आणि दोन शेळ्या न्यायच्या म्हणालो. तीही छान कल्पना निघाली. चार मिनिटांचा बेत आमचा मिनिटभरात उरकायचा. बापलेकीत एवढं एकमत, म्हणून मी खुशीत होतो.

"आण्णा, मी ह्याच्यानंच नापास झालेय," ती एका संध्याकाळी म्हणाली. "माझ्यासमोर नगरचा एक मुलगा होता. तो जे म्हणंल त्याला मी हो म्हणत गेले. स्वतःच्या मताला मार्क असतात. मला शून्य."

हे ती कुठं शिकली ते मला ठाऊक होतं. आमच्या घरात पुरुषाला नाही म्हणायची पद्धत नाही. म्हणजे माझं ऐकतात असं नव्हे. 'बरं' म्हणायचं आणि मग आपल्याला पाहिजे तेच करायचं, अशी ती पद्धत आहे. बायकोनं सत्तावीस वर्षांत मला एकदाही विरोध केलेला नाही, आणि घरातलं एकही काम मी सांगितलं तसं झालेलं नाही. पण परीक्षकाला 'बरं'च्या पुढचं बघायला वेळ नसतो.

"उद्यापासून मला विरोध करायचा," मी हुकूम सोडला.

"बरं," लेक म्हणाली.

त्याच आठवड्यात माझ्या साडूनं दिंद्रुडचं एक स्थळ आणलं. मुलगा शिकलेला, घर जमीनजुमल्याचं, मंडळी रविवारी मुलगी बघायला येणार. पोरीला एवढं लांब एकटं पाठवायचं तर आधी साखरपुडा उरकावा, असं माझं म्हणणं. लेकीला सांगितलं. ती 'बरं' म्हणाली. बायकोच्या 'बरं'चा अर्थ लावण्यात उभी हयात गेलेला मी, लेकीचं 'बरं' मात्र होकार समजून मोकळा झालो.

बुधवारी सरावाला विषय उरला नव्हता. म्हटलं, रविवारचाच बेत आखू, एका दगडात दोन पक्षी. मी जर्मनमध्ये म्हणालो, "रविवारी पाहुणे येतात."

"नाइन," ती म्हणाली.

नाही! मला कोण आनंद झाला. "शाब्बास! आता कारण दे. वारूम?" वारूम म्हणजे का, आमच्याकडचं कावून. हा एक शब्द मी अस्सल उच्चारात म्हणतो.

"मला नको आहे," ती जर्मनमध्ये म्हणाली.

"मुलगा चांगला आहे," मी रेटलं.

"असेल. पण मला आधी काम करायचंय. दोन वर्षं. एकटीनं."

मी बोटांवर मार्क मोजत होतो. मत झालं, कारण झालं. "आता पर्याय सुचव की माय," मी मराठीत कुजबुजलो.

"दोन वर्षांनी मी सांगेन. मुलगा मी बघेन." ती अगदी सावकाश बोलत होती, मला कळावं म्हणून. पुस्तक मांडीवर मिटलेलं होतं आणि ती पुस्तकाकडं बघतही नव्हती. माझी बोटं थांबली.

"हे परीक्षेचं हाय का खरं?"

ती मराठीत आली नाही. "इश विल निश्ट, आण्णा." मला नको आहे.

बायको दारात तांदूळ निवडत होती. "काय म्हणाली?"

"रविवारला न्हाई म्हणाली."

"हे कळायला तुमाला जर्मन शिकावं लागलं व्हय?"

मराठीत माझ्याजवळ उत्तरं ढिगानं होती. लोक, वय, साडूला दिलेला शब्द. मी मराठीत तोंड उघडलं असतं तर दोन मिनिटांत जिंकलो असतो, आणि लेक 'बरं' म्हणून आत गेली असती. जर्मनमध्ये माझी पुंजी दोनेकशे शब्दांची. त्यातले जुळवून बघितले, पण लोक काय म्हणतील हे काही जुळेना. मग मला जमत होतं तेवढंच विचारलं, "दोन वर्षं?"

"या."

"बरोबर दोन?"

"अडीच," ती म्हणाली, आणि पहिल्यांदा हसली.

तिच्यासमोरच साडूला फोन लावला. "पाव्हणं, रविवारचं ऱ्हाऊ द्या."

"कावून? काय झालं?"

आमच्याकडं अशा वेळी घरात कुणीतरी आजारी पडतं. "घरात जरा..." असं मी सुरूही केलं होतं. लेक बघत होती.

"पोरगी न्हाई म्हणती," मी म्हणालो.

"पोरगी म्हणती? अन् तुमी काय म्हणता?"

बायकोनं तांदळातली मान वर केली.

"मीबी तेच म्हणतो."

साडूनं माझ्या अकलेबद्दल बरंच काही सुनावलं आणि फोन ठेवला. ते अजून माझ्याशी बोलत नाहीत. लेकीची बोलण्याची परीक्षा पुढच्या महिन्यात पुन्हा आहे. त्या रविवारी कुणी येणारच नव्हतं, म्हणून आम्ही दिवसभर सराव केला. मी चौदा बेत सुचवले. तिनं एकही पास होऊ दिला नाही.