भाऊराव पार्सिमोनियस आहेत

संपात गिरणी बंद पडली आणि दत्ताराम घाटकोपरच्या एका औषध कंपनीत शिपाई म्हणून लागला. वर्षभराने साहेब म्हणाले, "इंग्रजीची परीक्षा पास हो, क्लार्क करतो."

पण अवघड शब्द त्याच्या डोक्यात टिकत नसत. सकाळी पाठ केलेला शब्द डबा खाईपर्यंत गायब! शेवटी ऑफिसातली टायपिस्ट नंदा म्हणाली, "अरे, ओळखीच्या माणसावर वाक्य कर, मग बघ."

दत्तारामने चाळच कामाला लावली. गॅलरीत उभं राहून तो खड्या आवाजात म्हणे, "प्रेमा इज ऑब्स्टिनेट!"

"माझं नाव कशाक?" आतून बायको ओरडली. "काय म्हणजे?"

"खंबीर गं."

प्रेमा खूश. शेजारचे भाऊराव, चाळकमिटीचे अध्यक्ष, मात्र रुसले. "माझ्यावर एक वाक्य नाही रे तुझं?"

त्या दिवशी नेमका पार्सिमोनियस शब्द चालू होता. अर्थ, कंजूष. दत्तारामने घाबरत भाऊरावांचं नाव घातलं आणि अर्थ सांगितला, "पैसा जपून वापरणारा."

भाऊरावांची छाती फुगली. गणपतीच्या सभेत, पाहुण्या बँक मॅनेजरसमोर ते उभे राहिले. "वर्गणीची काळजी नको. मी पहिल्यापासून पार्सिमोनियस आहे!"

मॅनेजरला चहाचा ठसका लागला. मग त्याने हळूच भाऊरावांच्या कानात अर्थ सांगितला.

दुसऱ्या दिवशी दत्ताराम कामावरून आला, तर दारात भाऊराव आणि प्रेमा मांडीवर नवीकोरी डिक्शनरी घेऊन बसलेले. ती विकत घ्यायला भाऊरावांनी चक्क खिशात हात घातला होता!

"ऑब्स्टिनेट म्हणजे हट्टी काय हो?" प्रेमाने विचारलं.

दत्तारामची वाट लागली. तो चपलाही न काढता उभा.

"आता शब्द आम्ही निवडणार," भाऊराव म्हणाले. "लिही. भाऊराव इज मॅग्नॅनिमस. मोठ्या मनाचा."

"आणि माझ्यासाठी ग्रेसफुल," प्रेमा म्हणाली. "रोज मोठ्यान म्हणायचा, गॅलरीत."

परीक्षेपर्यंत तो रोज ओरडत राहिला. चाळीतल्या बाकीच्यांनीही आपापले चांगले शब्द नोंदवून घेतले.

पेपरात वाक्यात उपयोग करायला मॅग्नॅनिमस आला. दत्तारामने डोळे मिटून भाऊराव लिहिले. खाली पार्सिमोनियसही होता. पेन थोडं अडलं. मग त्याने तिथे स्वतःचं नाव घातलं.

तो पास झाला. साहेबांनी पेपर परत देताना त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "छान! मग स्टेशनरीचं कपाट तूच सांभाळ."