नदीपलीकडे जाणारी बस

हे अनघाला माहीत नाही. अनघा म्हणजे माझी बायको, आणि तिला माझ्या पायाच्या भोवरीपासून ऑफिसातल्या भांडणांपर्यंत सगळं माहीत असतं — पण हे नाही. आईला सांगितलं नाही, काकांना तर नाहीच. आणि जिला सांगायला हवं होतं, तिच्यासमोर बसून चहा प्यायलो तेव्हाही नाही. तुम्हाला का सांगतोय? तुमची-माझी ओळख नाही म्हणून असेल. तुम्ही उलटून काही विचारू शकत नाही म्हणूनही असेल — माझा स्वभाव तसाच आहे, पुढे कळेलच.

मी एका गावाविषयी लिहिलं होतं. अमेरिकेतलं गाव. मैलोन् मैल सपाट गवताळ मुलूख, आणि त्याच्या मधोमध नदीकाठी वसलेलं. त्यांच्या हिशेबाने शहर, आपल्या हिशेबाने एखादं तालुक्याचं ठिकाण. नाव लिहीत नाही, त्या गावाने माझं काही वाकडं केलेलं नाही. दोन पानं लिहिली होती. चांगली लिहिली होती हो, दुखणं तेच आहे.

सुरुवात काकांपासून करतो. वडील गेल्यावर मी बार्शीहून पुण्याला काकांकडे शिकायला आलो आणि इंजिनिअर होईपर्यंत त्यांच्याकडेच जेवलो. दुसऱ्या वर्षाला दोनदा गटांगळी खाल्ली, तेव्हा काकांनी आईला कळवलंसुद्धा नाही. त्यांची मुलगी मेघना माझ्याहून बरीच लहान. मला दादा म्हणायची, चिडली की घरातल्या सगळ्यांसारखं बंड्या. तिचा उजवा डोळा लहानपणीच अधू झालेला, त्याने तिला जेमतेम उजेड कळतो. दुसरा चांगला आहे, पण एका डोळ्याने समोरच्या वाहनाच्या अंतराचा अंदाज तिला येत नाही. त्यामुळे सायकल नाही, स्कूटर नाही. तरी पोरीचं काही अडलं नाही. बसने कॉलेजला गेली, बसने रक्तपेढीच्या लॅबमध्ये नोकरीला लागली. पुण्याच्या सगळ्या बसचे नंबर तिला पाठ होते. कुणी सोडायला निघालं की म्हणायची, "मी माझी जाते."

दोन हजार दोन-तीनचा सुमार. मी लीड्सला एका बँकेच्या कॉम्प्युटर विभागात होतो, नुकतंच घर घेतलं होतं. मेघनासाठी तेव्हा दोन स्थळं आली. एक लीड्सचंच — हॉस्पिटलात एक्स-रे काढणारा मुलगा, नागपूरचा. दुसरं त्या नदीकाठच्या गावातलं — सांगलीचा रणजित, साखर कारखान्यात इंजिनिअर. तिकडे बीटापासून साखर करतात. काकांचा फोन आला, "तू तिकडेच आहेस, दोन्ही स्थळं तूच बघ. तू म्हणशील ते." पुण्यातून पाहिलं की लीड्स आणि अमेरिका एकाच गल्लीत असतात! पण योग असा, की बँक मला त्याच महिन्यात ट्रेनिंगला शिकागोला पाठवत होती. काकांना हे कळल्यावर त्यांनी देवापुढे साखर ठेवली. तिथून एका शनिवार-रविवारी विमानाने जाऊन यायचं, मुलगा बघायचा, घर बघायचं, गाव बघायचं. आपल्यात स्थळाची चौकशी अशीच करतात ना? फोटोवर विश्वास नाही, पत्रिकेवर अर्धा, पण आपल्या माणसाने डोळ्यांनी पाहिलं की झालं.

मेघनाने ऑफिसमधून मला मेल केली. तिला मुलाचा पगार, उंची, काही नको होतं. तिचा एकच प्रश्न होता — दादा, तिथे मला गाडी न चालवता कामावर जाता येईल का? एवढं स्वतः बघून सांग.

मी गेलो नाही.

शनिवारी उशिरा उठलो. मग शहराबाहेरच्या मॉलमध्ये जाऊन बूट घेतले, अनघासाठी कोट घेतला. नंतर रणजितशी फोनवर बोललो, त्याला म्हटलं, गाव बघून गेलो, पण परतीचं विमान गाठायचं होतं, भेटायचं राहिलं. साधा सरळ वाटला. आहेही. काकांनाही तेच सांगितलं, जाऊन आलो, मुलाशी फोनवर बोललो. आणि ट्रेनिंगच्या जागी कॉम्प्युटर होते, तिथे बसून त्या गावाची वेबसाइट उघडली आणि लिहायला घेतलं.

काय काय लिहिलं! उत्तरेकडे वाहणारी नदी लिहिली, गावाला वळसा घालून जाणारी. कोर्टाच्या इमारतीवरचं घड्याळ, धान्याची उंचच उंच कोठारं, लायब्ररीच्या पायऱ्या, रस्त्यात ओळख नसताना हात करणारी माणसं. वसंतात पूर येतो, पण आता मोठा बांध घातलाय — हेही, म्हणजे लिहिणारा खोटं बोलत नाहीये असं वाटावं. आणि बस. घरं नदीच्या एका अंगाला, हॉस्पिटल-दुकानं दुसऱ्या अंगाला, आणि मधल्या पुलावरून बस जाते, असं लिहिलं. 'मी स्वतः बसलो होतो. ड्रायव्हर एक आजी होत्या, लाल विणलेली टोपी घातलेल्या. पूल ओलांडेपर्यंत मला नदीच्या गोष्टी सांगत होत्या. मेघूला कळवा, इथे ती तिची जाईल.'

वेबसाइटवर बसचं नाव नव्हतं. मला ती हवी होती म्हणून मी ती घातली. आजी तर अशीच सुचली, ओघात. लिहिताना आपलंच आपल्याला बरं वाटतं — तुम्हाला माहीत असेल.

मेघनाने ती पानं छापून घरी नेली. काकांनी जेवणं झाल्यावर सगळ्यांना वाचून दाखवली, शेजारच्या जोशीकाकूंना बोलावून पुन्हा वाचली. काकू फोनवर म्हणाल्या, "डोळ्यांपुढे उभं केलंस रे गाव."

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, आळशी माणूस. कंटाळा केला, थाप मारली. मीही बरीच वर्षं स्वतःला तेवढंच सांगत होतो. पण मग लीड्सच्या मुलाचं काय?

त्याला मी पाहिलं होतं. खरोखर पाहिलं होतं, घरी जेवायला बोलावून. हसरा, कामसू, हेडिंग्लीत भाड्याने राहायचा. दारातून बाहेर पडलं की बसचा स्टॉप. मी स्वतः त्या स्टॉपवर उभा राहिलो आणि माझ्या मनात आलं, मेघूला हे किती छान पडेल. मनात आलं होतं, म्हणून तर सांगतोय. आणि मी काकांना काय कळवलं? मुलगा बरा आहे, पण. म्हणजे काय, हे विचारल्यावर म्हणालो, "तसं काही नाही हो काका, पण जरा बघा." एवढ्यावर स्थळ मोडतं. ज्याने चौकशी केली त्याच्या तोंडून एक 'पण' आला की पुढे कुणी विचारत नाही, कारण सभ्य माणूस उघड वाईट बोलत नाही असं सगळे धरून चालतात. त्या मुलाबद्दल बोलण्यासारखं वाईट काहीच नव्हतं.

मला ती लीड्समध्ये नको होती. आता लिहिलं.

इथल्या मंडळात मी कुणीतरी होतो. गणपतीत माझं भाषण असायचं. नापास झालो होतो, काकांच्या घरी पॅसेजमध्ये सतरंजीवर झोपायचो, काकूंनी काकांच्या जुन्या पँटी आखूड करून मला दिल्या होत्या — हे इथे कुणाला ठाऊक नव्हतं. मेघना आली असती तर तिचं माहेर मीच. दर सणाला ती घरी, उन्हाळ्यात काका-काकू सहा महिने मुक्कामाला, आणि कुठल्यातरी हळदीकुंकवाला चारचौघींत तिने हसत म्हटलं असतं, "आमचा बंड्या ना..." काही वाईट बोलली नसती, प्रेमानेच बोलली असती. ज्यांनी मला वाढवलं, ती माणसं मला जवळ नको होती. म्हणून त्या गावात इतकी हिरवळ उगवली, आणि लीड्समध्ये एक 'पण'.

लग्न झालं. मेघना नोव्हेंबरात तिकडे पोचली. पहिल्याच फोनमध्ये विचारलं, "दादा, बस कुठून सुटते रे? रणजितला माहीतच नाही." मी म्हणालो, "त्याच्याकडे गाडी आहे, त्याला कशी माहीत असेल?" किती पटकन सुचलं पाहा.

तिकडचा हिवाळा मला तिच्या फोनवरूनच माहीत. वारा अडवायला एक झाड नाही. नदी गोठते. फुटपाथ नाहीत, आणि असले तरी बर्फाखाली. थंडी पडली की बीटाचा हंगाम, कारखाना दिवसरात्र चालतो आणि रणजित त्यात बुडालेला. पलीकडच्या हॉस्पिटलच्या लॅबने तिला नोकरी देऊ केली होती. ती दोन-तीनदा पूल ओलांडून चालत गेली, तर पोलिसाने गाडी थांबवून विचारलं, बाई, तुमची गाडी कुठे बंद पडली? लायसन्सची परीक्षा तिने पुन्हा पुन्हा दिली. अंतर चुकायचं. ती नोकरी दुसऱ्या कुणाला गेली. मुलगी झाली. मग तिचे फोन कमी झाले, आणि मला — खरं सांगतो — सुटल्यासारखं वाटलं.

त्या दशकाच्या शेवटी ती मुलीला घेऊन आठवडाभर लीड्सला आली. जाड झाली होती, बोलणं हळू झालं होतं. अनघाने विचारलं, काय काय बघायचंय? तर म्हणाली, काही नको, मला दिवसाचा पास काढून द्या. आणि रोज सकाळी पोरीला घेऊन निघायची, डबल डेकरच्या वरच्या मजल्यावर पुढे बसायची, शेवटच्या स्टॉपपर्यंत जाऊन परत यायची. "मी माझी जाते," म्हणाली. कितीतरी वर्षांनी तेच शब्द. एकदा त्या स्टॉपवरही उतरली असेल, जिथे त्या एक्स-रेवाल्या मुलाची बायको रोज उभी असते. मेघना तिला ओळखत नाही, मी ओळखतो.

निघायच्या आदल्या दुपारी आम्ही दोघंच होतो. चहा घेता घेता ती म्हणाली, "दादा, आमच्याकडे नगरपालिकेची सभा असते ना, तिथे कुणीही उभं राहून बोलू शकतं. मी बोलले होते एकदा."

"काय बोललीस?"

"म्हटलं, पुलावरची बस का बंद केली ते सांगा. तर म्हणे, अशी बस कधी नव्हतीच. चांगले वागले हं, हसले नाहीत. पण मी ऐकते होय! सांगितलं त्यांना, माझा भाऊ स्वतः बसून आलाय. तो इंग्लंडमध्ये असतो, त्याला खोटं सांगून काय मिळणार?"

मी कप बशीत ठेवला.

"रणजितही म्हणतो, दादाच्या स्वप्नातली बस. मी भांडते त्याच्याशी. त्या आजींना शोधतेय मी, लाल टोपीवाल्या. चर्चमध्ये विचारलं, दुकानात विचारलं. त्या भेटल्या तर सिद्ध करता येईल ना? नाव सांगितलं होतं का रे त्यांनी तुला?"

तिचा चांगला डोळा माझ्याकडे होता. त्यात संशय असता तर मी सुटलो असतो. अजिबात नव्हता. हीच वेळ होती, घरात कुणी नव्हतं, पोर बागेत खेळत होती. दोन वाक्यांचं काम होतं.

"डोरोथी," मी म्हणालो. "डोरोथी म्हणाल्या होत्या."

ती खुलली. दोन-तीनदा नाव पुटपुटली, पाठ व्हावं म्हणून. म्हणाली, "बरं झालं. आता नाव घेऊन विचारता येईल."

ती अजून विचारते आहे.