बांधावरचा म्हसोबा

नामांतराच्या दंगलीला चार-पाच वर्षं झाली असतील. परभणी पिंगळीच्या रस्त्यानं वाढत वाढत बन्सीधरच्या कापसापर्यंत आली. तिथं मोठी बाजारपेठ होणार, गाळे पडणार, अशी हवा होती. बन्सीधरनं गाळे बांधणाऱ्या शेठशी रानाचा सौदा ठरवून टाकला आणि तो मोकळा झाला. त्याची बायको कस्तुराबाई मात्र मोकळी होईना.

तिची गोदा बांधावरच्या लिंबाखाली पुरलेली होती. अंगावर पिणारं लेकरू जाळत नाहीत, मातीत ठेवतात. वर एक काळा दगड. निंदायला आली की कस्तुराबाई त्या दगडाशेजारी बसूनच भाकर खायची.

"तेवढा तुकडा सोडा म्हनावं त्यायला," ती नवऱ्याला म्हणाली.

"मढं पुरल्या जागी दुकान कोन घेतंय? गप ऱ्हा, सौदा मोडंल."

मग तिनं स्वतःचं डोकं चालवलं. शेंदूर तेलात कालवून दगडाला फासला, लिंबू ठेवलं आणि विचारील त्याला सांगितलं, म्हसोबा हाय. शेंदराच्या दगडाला हात लावायची कुणाची छाती होते?

चुन्याच्या रेघा पडल्या, लिंब तोडला, विहीर बुजवली. म्हसोबा तेवढा राहिला. हमाल नारळ फोडू लागले, शेठ जाता-येता हात जोडू लागले. पोरीला कुणी हात जोडतंय, याचं त्या वेडीला लय बरं वाटायचं.

एक दिवस शेठ म्हणाले, "मावशी, देव गाळ्याच्या मधी यायलाय. चौकात संगमरवरी मंदिर बांधतो. वाजतगाजत नेऊ त्याला."

कस्तुराबाई दगडाच्या आडवी उभी राहिली. देव न्हाई म्हणावं, तर दगड तिथल्या तिथं फेकून देतील. आणि देवाला तर मुहूर्त काढून कुठंही नेता येतं, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"हितंच ऱ्हाऊ द्या वो," ती कशीबशी म्हणाली. "त्याला हीच जागा पायजे."

शेठ हसले. मुहूर्त काढलेला होता.

हलगी लावून दगड चौकात नेला. इकडं दगडाच्या जागी लगेच पायाची खोदाई सुरू झाली, माती ट्रॅक्टरमध्ये पडू लागली. पहिल्या आरतीचं ताट मानानं कस्तुराबाईच्या हातात दिलं. तिचं तोंड खोदाईकडं होतं. ट्रॅक्टर भरून निघाला तसं ताट टाकून तिनं हंबरडा फोडला, केस मोकळे सुटले, ती जमिनीवर लोळू लागली.

"मावशीच्या अंगात आलं!" कुणीतरी ओरडलं. हलगी आणखी जोरात वाजू लागली, आणि बायका तिच्या पाया पडू लागल्या.