खंडेनवमीचं पाणी

मेहुण्यानं माझ्या गॅरेजच्या समोर, रस्त्याच्या पलीकडे, दुकान टाकलं आणि शटरला निळा रंग दिला. तेव्हापासून मला निळा रंग आवडत नाही. बायकोनं निळी साडी घेतली तर दोन दिवस मी तिच्याशी धड बोललो नाही. तिचा हा धाकटा भाऊ मला दाजी दाजी करतो, चार वाजता आठवणीनं चहा पाठवतो, आणि तरी त्याच्या दारात गाडी उभी दिसली की माझ्या पोटात दुखायचं. आज हे सरळ सांगतोय. तेव्हा स्वतःशीही कबूल करत नव्हतो.

माझं शिक्षण म्हणजे पाने, हातोडी आणि कान. इंजिन चालू करा, कुठला नोझल मार खातोय ते मी डोळे मिटून सांगायचो. त्याचं शिक्षण म्हणजे पुण्यातला एक कोर्स आणि लॅपटॉप. स्टेअरिंगखाली वायर लावायची आणि स्क्रीनवर वाचायचं. संध्याकाळी दुकान बंद करताना त्याची नखं स्वच्छ असायची. मला त्या नखांचासुद्धा राग यायचा.

एकेक गिऱ्हाईक रस्ता ओलांडत होतं. हलले नव्हते ते फक्त दूधवाले मामा. नात्यानं ते माझे कुणी नव्हेत, सगळा राहुरी रोड त्यांना मामाच म्हणतो. रोज सकाळी वाड्यावस्त्यांवरचं दूध पिकअपमध्ये गोळा करून ते देवळालीच्या बाजूला शीतकेंद्रावर पोचवतात. त्यांच्या दोन गाड्या माझ्या हाताखाली म्हाताऱ्या झाल्या, तिसरी नवी कोरी आली तीही आधी माझ्या दारात. मामा पलीकडे गेले तर आपण कसले मिस्तरी, असं मला खरोखर वाटायचं.

खंडेनवमीला गाड्यांची पूजा. मामांची गाडी मी दर वर्षी स्वतः धुतो. बॉनेट उघडून, प्रेशर पंपानं, इंजिनसुद्धा. मग झेंडूचा हार आणि नारळ. त्या वर्षी मी पंप हातात घेतला आणि मेहुणा रस्ता ओलांडून आला.

"दाजी, ह्या नव्या गाडीच्या इंजिनावर पंप मारू नगा. ईसीएम तितंच हाय. पानी गेलं तर गाडी जाग्यावर बसंल."

ईसीएम म्हणजे पुस्तकाएवढी एक डबी. इंजिनाला डिझेल कधी आणि किती द्यायचं ते हल्ली तीच ठरवते. मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. इंजिन ओल्या फडक्यानं पुसायचं मी मनाशी ठरवलंही होतं. पण तो मामांच्या देखत मला शिकवायला आला आणि माझं डोकं फिरलं.

"तुज्या बहिनीशी लगीन व्हायच्या आदीपासनं गाड्या धुतोय मी," असं म्हणून मी इंजिनावर पंप पूर्ण जोरात सोडला. मामा हसले. मेहुणा परत गेला.

आठवड्याच्या आत मामांची गाडी भरल्या कॅनांसकट बंद पडली. टोचन लावून माझ्याकडे आणली. मी फिल्टर बदलला, डिझेलची लाइन सोडली, वायरी तपासल्या. सेल्फ मारला की इंजिन फिरायचं, पण चालू काही होईना. दुपारपर्यंत दूध नासलं. मामांनी कॅन मागच्या ओढ्यात पालथे केले, हात धुतले आणि हळूच म्हणाले, "मिस्तरी, समोर दावू का एकदा?"

गाडी ढकलत पलीकडे न्यावी लागली. ढकलणाऱ्यांत मीही होतो.

मेहुण्यानं स्कॅनर लावला. ईसीएम उत्तरच देईना. त्यानं डबीत वायरी खोचणारा कपलर ओढला, तर आतल्या पिना हिरव्या पडलेल्या आणि दोन थेंब पाणी त्याच्या तळहातावर पडलं. मामा तेव्हा फोनवर होते. मेहुण्यानं माझ्याकडे पाहिलं आणि तळहात पँटला पुसला.

नगरहून नवी डबी यायला दोन दिवस लागले. बसवायला चार बोल्ट, पण खरं काम पुढे होतं. नवी डबी मामांची किल्ली ओळखत नव्हती. ती ओळख लॅपटॉपवरून करून द्यावी लागते, प्रत्येक इंजेक्टरचा नंबर भरावा लागतो. मी त्याच्या मागे उभा होतो आणि गाडी चालू होऊ नये असं मला वाटत होतं. मामांचं दूध दोन दिवस दुसऱ्याच्या टेम्पोतून जात होतं, तरी वाटत होतं. गाडी पहिल्याच सेल्फला चालू झाली. मी कान देऊन ऐकलं. खोट काढायला जागा नव्हती.

"बिगडली कशानं रं?" मामांनी विचारलं. पंपाची गोष्ट ते विसरूनही गेले होते.

"काय न्हाई मामा, डबीच खराब निगाली. हुतं कदी कदी."

त्यानं मला वाचवलं होतं. मी गप्प बसायचं होतं. पण काम त्याचं, कौतुक त्याचं, आणि आता मोठं मनही त्याचंच? एवढं मला सोसेना.

"खोटं सांगतोय त्यो," मी म्हणालो. "पानी मी मारलं. ह्यो नगं म्हनत हुता, तुमच्या म्होरं, तरी मारलं. डबीचा खर्च माज्या अंगावर."

मामांनी खिडकीतून हात घालून इंजिन बंद केलं. मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"मिस्तरी, आपली चूक आसं तोंडावर सांगनारा मानूस मी लई दिसांत पाह्यला न्हाई. गाडी तुमच्याकडंच येनार."

शीतकेंद्रावर त्यांनी ही गोष्ट इतक्या जणांना सांगितली की गेलेली चार गिऱ्हाइकं परत आली. माझा खरेपणा ऐकून आली. मी का बोललो ते एकट्या मेहुण्याला कळलं होतं. मामांचा हात माझ्या खांद्यावर होता तेव्हा तो लॅपटॉपची वायर गुंडाळत होता. दोन दिवस राबून गाडी त्यानं उभी केली होती आणि शाबासकी मला मिळत होती. त्याचा चेहरा उतरला. पोटात दुखणाऱ्या माणसाचा चेहरा मला चांगला ओळखता येतो.

आणि मला फार बरं वाटलं. बायकोला हे मी अजून सांगितलेलं नाही.