दादाच्या डोळ्याची खरी गोष्ट

मागच्या दिवाळीनंतर भाचीच्या, म्हणजे दादाच्या पिहूच्या, उष्टावणासाठी सिहोऱ्याला माहेरी गेले होते. धान कापणीचे दिवस, तरी घर पाहुण्यांनी भरलेलं. मोबाईल माझ्या हातात, त्यामुळे फोटोंना तोटा नव्हता.

संध्याकाळी फोटो बघताना दिसलं, फ्लॅशमध्ये पिहूच्या एका डोळ्याची बाहुली लाल आणि दुसऱ्याची पांढरी. कुणी म्हणालं कॅमेऱ्याचा दोष, कुणी म्हणालं पोरगी घाऱ्या डोळ्यांची होणार. पण मला घरात 'चौकशी खिडकी' म्हणतात ते काही उगाच नाही... बाजू बदलून आणखी फोटो काढले. पांढरा तोच डोळा.

तुमसरच्या डॉक्टरांनी बघितलं आणि लगेच नागपूरला पाठवलं. तिथे कळलं, डोळ्यातला कॅन्सर आहे. वहिनीने पिहूला मांडीवर घट्ट धरलं. ना तंबाखू, ना खर्रा, अजून वरणभातही धड न खाल्लेलं लेकरू... त्याला कॅन्सर होतोच कसा? भीती वाटत होती, तरी मी विचारत सुटले. जन्मतःच असतो का? आईबापाकडून येतो का?

डॉक्टर शांतपणे म्हणाल्या, बहुतेक कॅन्सर वारशाने येत नाहीत, पण थोडे येतात. हा तसा असू शकतो, कधीकधी बाळ जन्मतं तेव्हाच डोळ्यात असतो. मग दादाकडे बघून त्यांनी विचारलं, तुमच्या डोळ्याला काय झालं होतं?

दादाचा डावा डोळा नकली आहे. दोन वर्षांचा असताना कुणाची तरी विटी लागली, ही गोष्ट आम्हा सगळ्यांना पाठ. दादाने तीच सांगितली. डॉक्टर म्हणाल्या, घरी एकदा नीट विचारा. तसं काही असेल तर पोरीच्या चांगल्या डोळ्यालाही धोका आहे.

मी तिथूनच आईला फोन लावला. दादाला खरंच विटी लागली होती का, विचारलं.

"विटी-बिटी काई नव्हती लागली," आई म्हणाली. "गाठ होती डोळ्यात. म्हून डोळा काढला. लोकायले कळलं असतं तं पुढं पोराले पोरगी कोन देनार होतं? म्हून तुह्या बाबानं विटीचं सांगतलं."

दादाला हे त्या दिवशी, वयाच्या तिशीत कळलं. तो फक्त एवढंच म्हणाला, "मंग आता डॉक्टरले लवकर सांग."

आईने सांगितलेलं डॉक्टरांना कळलं, तशी पिहूच्या चांगल्या डोळ्याची तपासणी दर महिन्याला ठरली. होळीच्या सुमारास त्या डोळ्यातही एक बारीक ठिपका सापडला. इतका लहान, की फोटोत कधीच दिसला नसता. लेझरने तो जाळला. उपचारांनी वाचलेल्या पहिल्या डोळ्याची नजर थोडी कमी आहे, पण दोन्ही डोळे तिचेच आहेत... आता ती अंगणातल्या कोंबड्यांमागे धावते.

आईला मात्र एकच घोर लागला होता. "मंग मीच देल्ला का हा रोग पोराले?" डॉक्टरांनी समजावलं, दादाच्या बाबतीत तो बहुधा त्याच्यापासूनच सुरू झाला, आणि कुणाकडून आला असला तरी तो कुणाचा गुन्हा नाही. आईला किती पटलं, माहीत नाही.

पण परवा शेजारच्या बाळाच्या उष्टावणाला ती गेली आणि भर बायकांत स्वतःहून म्हणाली, "माह्या पोराले डोळ्याचा कॅन्सर होता. या बाळाचा फोटो काढा, फ्लॅश लावून."

आई, एवढी वर्षं दाबून ठेवलेलं तू त्या दिवशी फोनवर बोललीस, म्हणून पोरगी आज बघते आहे.