विचारून टिक मारणारा माणूस

माउसवरचा हात उचलून तो हवेत धरायचा, मान वळवायचा आणि विचारायचा, “टिक मारू काय?” समोरचा ‘हो’ म्हणेपर्यंत हात काही खाली यायचा नाही.

मुर्री या आमच्या गावात घरापासून चौथं त्याचं दुकान, मागेच बिऱ्हाड. बाहेर झेरॉक्सची पाटी, आत एक कॉम्प्युटर आणि खोकणारा प्रिंटर. गावातल्या बहुतेकांचे ई-मेल त्यानेच काढून दिलेले. आम्ही सगळे त्याला भाऊ म्हणायचो. असा एखादा माणूस तुमच्याही गल्लीत असेल. आपण बिनधास्त त्याच्यापुढे आपली कागदपत्रं ओततो.

एकदा एक म्हातारी अर्ज भरायला आली. भाऊचा हात हवेत.

“बाई, इथं लिवलं हाये, कंपनी तुमाले जाहिराती पाठवन. पाठवू द्याच्या काय?”

“घरी टीव्ही हाये ना बापा. आनखी कायले?”

“मंग नाही मारत.”

मी मागे ताटकळत होतो. म्हटलं, “भाऊ, मारून टाका ना सगळ्या. कोन वाचते?”

तो चिडला. “गुरुजी, तुमी असं बोलून राहिले? कायद्यात हाये. मानूस कायले हो म्हनून राहिला, हे त्याले समजलं पाह्यजे. आन् दिलेला होकार उद्या त्याले वापस घेता आला पाह्यजे.”

गावात कायदा सांगायचा हक्क शिक्षकाचा, असं मला उगाच वाटायचं. त्या दिवशी तो भाऊकडे गेला.

मग आमच्या मुलीसाठी स्थळं पाहायला सुरुवात झाली. ती नागपुरात नर्स. मी तिचा फोटो घेऊन भाऊकडे गेलो. त्याने बायोडाटा टाइप केला, फोटोतला माझ्या खांद्याचा तुकडा कापला (तिथे मी नको, यावर आमचं एकमत होतं) आणि स्थळांसाठी वेगळा ई-मेल काढला. “पोरगी आपलीच हाये,” म्हणाला. शेवटी एक कागद पुढे सरकवला. “इथं एक सही.”

मी केली. ‘आधी प्रश्न वाचा’ म्हणून वर्गात पोरांचे कान उपटण्यात माझी पंचवीस वर्षं गेली. पण भाऊसमोर कागद वाचत बसायचं म्हणजे त्याचा अपमान वाटला. त्या दिवशी त्याने मला काहीच विचारलं नाही, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

पंधरा दिवसांत त्या ई-मेलवर मंगल कार्यालयं, केटरर, मेहंदीवाल्या आणि जोडप्यासाठी काश्मीरची सहल येऊन ठेपली. नवरदेव सोडून सगळे तयार होते. बायको म्हणाली, “आता केटररांतलाच एखादा पाहून घ्या.” आम्ही पोट धरून हसलो.

मग मुलीचा फोन आला. एका विवाह मंडळाने जाहिरातीचा मेल गावोगाव पाठवला होता. वर ‘सुस्वभावी स्थळांसाठी आजच नोंदणी करा’, खाली तिचा फोटो. तो तिच्या वॉर्डातल्या डॉक्टरलाही गेला होता.

“बाबा, सगळ्यांनी पाहिला. मी उद्या ड्युटीवर कशी जाऊ?”

मी तसाच दुकानात गेलो. मला पाहून भाऊला नवल वाटलं नाही, तिथेच मला अर्धं कळलं. त्याने फाइलमधून माझा कागद काढला. बारीक अक्षरांत एक ओळ होती: माहिती व फोटो जाहिरातीसाठी इतरांना देण्यास माझी संमती आहे. खाली माझी लफ्फेदार सही.

“नियमात हाये, गुरुजी. तुमी वाचलं काऊन नाही?”

“तुम्ही होते म्हणून.”

त्याने कागद परत फाइलमध्ये ठेवला. मग हळूच म्हणाला, “मंडळवाला नवा प्रिंटर देतो म्हने.”

“आणखी किती जणांचे दिले?”

“होते तेवढे.”

घरी येऊन मी ती ओळ मुलीला फोनवर वाचून दाखवली. वाटलं, दोघं मिळून त्याला शिव्या घालू. ती म्हणाली, “बाबा, फोटो माझा आणि सही तुमची. मला कुणी विचारलं?”

मंडळाला तिनेच पत्र लिहिलं: मी सज्ञान आहे, ही संमती माझी नाही, फोटो काढून टाका. खाली तिची सही. फोटो जाहिरातीतून निघाला. पण ज्यांनी पाहायचा त्यांनी पाहून झाला होता.

पुढे तिने स्वतःच लग्न जमवलं, सौंदडचा मुलगा. पत्रिका वाटताना बायको म्हणाली, “भाऊले द्याची ना?” त्याचं नाव लिहिण्याआधी मी या खेपेला मुलीला विचारलं.

“नको, बाबा.”

दिली नाही.

लग्नानंतर महिन्याभरात भाऊ बिऱ्हाड हलवून रायपूरला मुलाकडे गेला. मला दुसऱ्यांकडून कळलं. माझ्या डोळ्यांसमोर आहे तो लग्नाच्या दिवशीचा त्याचा उंबरा. भरदुपारी वरात आमच्या गल्लीत शिरली. वरात आली की पत्रिका असो नसो, माणसं दारात येऊन उभी राहतात. सगळी गल्ली दारात होती. त्याचं दार आतून लावलेलं आणि चपला बाहेर. बँडवाल्यांनी नेमकं तिथेच थांबून एक अख्खं गाणं वाजवलं. दार उघडलं नाही. मीही हाक मारली नाही.