मुळ्याच्या काचऱ्या

"साखर गेली दहा वर्षं तरी असणार. आता ती किडनीपर्यंत पोचलीय," नवी मुंबईतल्या इस्पितळात डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा आमचे हे खुर्चीत मागे टेकून म्हणाले, "पण मना तर काय व्हत न्हाय."

खरंच काही होत नव्हतं. तहान लागायची, ती ट्रेलरच्या केबिनमधल्या उकाड्याने असेल असं आम्ही धरलं. लघवीला फेस यायचा, ते त्यांनी मला सांगितलंच नव्हतं. उरणहून कंटेनर उचलायचा, पनवेलच्या पुढे कुठेतरी सोडायचा, परत यायचं. यात माणसाला आजारी पडायला सवड कुठे असते?

रिपोर्टवर दोन शब्द होते. तुमच्याही हातात असा कागद येईल म्हणून सांगते. एचबीए१सी म्हणजे मागच्या तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी. क्रिएटिनिन म्हणजे रक्तातला कचरा. किडनी थकली की तो साचतो आणि आकडा चढतो. यांचे दोन्ही चढलेले होते. तुम्हाला मी घाबरू नका म्हणणार होते, पण मी स्वतः चपला बाहेरच विसरून लिफ्टमध्ये शिरले होते.

"साखर आणि बीपी दोन्ही सांभाळलंत, तर डायलिसिस बरीच वर्षं लांबवता येईल," डॉक्टर म्हणाले. डायलिसिस म्हणजे मशीनने रक्त धुणं, आठवड्यातून दोन-तीनदा, बहुतेकांना जन्मभर. वेटिंग रूममध्ये तशी माणसं बसली होती, हाताला पट्टी बांधलेली. मी त्यांच्याकडे बघायचं टाळत होते. यांना तिथे बसू द्यायचं नाही, एवढं एकच मी त्या दिवशी ठरवलं.

मग आहारतज्ज्ञ मुलीने जेवणात काय काय असतं ते विचारलं. बटाटा आमच्याकडे सगळ्यात असतो. बोंबील-बटाटा, सुकट-बटाटा, मटणात बटाटा, आणि घरात काहीच नसलं तर काचऱ्या. यांचं तर मासळीपेक्षा बटाट्यावर प्रेम जास्त. "बटाटा बंद," ती म्हणाली. "त्याऐवजी मुळा वापरून बघा. त्यात पिष्ट फार कमी. शिजला की उग्रपणा जातो." जाताना तिने दोन पानी कागद दिला.

पहिल्या दिवशीच्या मुळ्याच्या काचऱ्यांना पाणी सुटलं, त्या लिबलिबीत झाल्या आणि घरभर वास सुटला. यांनी ताट सारलं नाही, नुसते त्याकडे बघत बसले. ते बघणं मला शिवीपेक्षा जास्त लागलं.

माझं सासर मिठागरवाल्यांचं. सासऱ्यांचं मिठागर आता राहिलं नाही, पण चुलतदीर अजून दरवर्षी खडेमिठाचं पोतं आणून टाकतात. कशातलंही वाईट काढायचं झालं, की आमच्या हातात आधी मीठ येतं. मासळीचा वास, कारल्याचा कडूपणा, सगळ्याला तोच उपाय. तो मी मुळ्याला लावला. सोलून पातळ गोल काप करायचे, वर मूठभर खडेमीठ टाकायचं आणि वरवंट्याखाली तासभर दाबून ठेवायचे. सुटलेलं पाणी घट्ट पिळून टाकायचं. मग चमचाभर तेलात लसूण, हळद, घरचा मसाला, आणि झाकण न ठेवता लोखंडी तव्यावर कडा तांबूस होईपर्यंत परतायचं. बटाट्यासारखं लागत नाही, खोटं कशाला बोलू? पण दिसायला थेट काचऱ्या.

"चांगला हाय," हे म्हणाले. पंचवीस वर्षांच्या संसारात माझ्या जेवणात खोट न काढता हा माणूस पहिल्यांदा पाटावरून उठला. मी हुरळून गेले. सुकटीत मुळा, बोंबलात मुळा, मटणात मुळा. जावेलाही शिकवून आले.

कागदाच्या दुसऱ्या पानावर 'मीठ कमी' असं लिहिलं होतं. मी ते वाचलं होतं. लोणचं-पापड बंद केलं, ताटात वरून मीठ वाढणं बंद केलं. मुळ्याचं मीठ तर पाण्याबरोबर मोरीत गेलं, असं मी धरून चालले. सुकटीतलं मीठ माझ्या हिशेबातच नव्हतं. मिठाच्या घरात मीठ कोण मोजतं?

तीन महिन्यांनी एचबीए१सी दहावरून सातवर आलं. लॅबच्या पायरीवर बसून मी आनंदाने रडले. डॉक्टरांची वेळ चार दिवसांनंतरची होती. त्या चार दिवसांत यांचे घोटे सुजले. बोट दाबलं की खळगा तसाच राहायचा. तिसऱ्या दिवशी चार पायऱ्या चढून यांना धाप लागली आणि आम्ही थेट इस्पितळ गाठलं.

"फ्लुइड ओव्हरलोड," म्हणजे अंगात पाणी साचलंय, असं सांगून त्यांना आत नेलं. ऑक्सिजन, लघवी होण्याची इंजेक्शनं. इतकी हतबल मी कधी झाले नव्हते. शेतात खाडीचं पाणी शिरलं तर माणूस फावडं तरी उचलतो. इथे नर्स लघवी मोजायची आणि मी किती झाली ते विचारायची, एवढंच माझं काम.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मला बोलावलं. "साखर उत्तम आणलीत. जेवणात मीठ किती?"

"चवीपुरतं," मी म्हटलं. मग हौसेने मुळ्याची कृती सांगायला लागले. मूठभर खडेमीठ ऐकल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं.

"पिळल्याने सगळं मीठ जात नाही, बरंच आत मुरतं. त्यात सुकी मासळी. मिठाने शरीर पाणी धरून ठेवतं, बीपी चढतं आणि किडनीवर ताण येतो."

"म्हणजे माझ्यामुळे झालं?"

"किडनी आधीच दुखावलेली होती. साखरेने किती गेली, मिठाने किती, हे कुणालाच सांगता येणार नाही."

त्यांनी धीर द्यायलाच सांगितलं असणार. मला काही धीर आला नाही. सगळं माझ्यामुळे असतं, तर निदान कपाळ बडवून घेता आलं असतं.

सूज उतरली. क्रिएटिनिन मात्र पूर्वीच्या आकड्यावर आलं नाही. घरी सोडताना डॉक्टरांनी फिस्टुला करून ठेवायला सांगितलं, म्हणजे हातातल्या दोन रक्तवाहिन्या जोडून डायलिसिससाठी जागा तयार करणं. कधी लागेल, विचारलं. काही महिने, कदाचित वर्ष-दोन वर्षं. पट्टीवाल्या माणसांच्या रांगेत आता आम्हीही बसणार होतो.

घरी आल्यावर मी मुळा दोनदा उकळून पाणी फेकलं, मिठाचा कणही न घालता लसूण-मिरचीवर परतला आणि लिंबू पिळलं. यांनी बराच वेळ घास चावला. "कसा लागतंय?" मी विचारलं.

"काय लागतच न्हाय." मग म्हणाले, "पयला खारट लागायचा."

"कवापासून?"

"चांगला हाय म्हटला ना, त्या दिवसापासून."

"मग बोललात का न्हाय?"

"जन्मभर तुझ्या जेवनाला नावा ठेवली. तू एवढी खटपट करत व्हतीस. म्हटला, आता तरी गप बसावा."

मी मोरीत जाऊन घासलेलीच भांडी पुन्हा घासत राहिले. रागवायचं तरी कुणावर? ज्या एका गोष्टीसाठी मी पंचवीस वर्षं भांडले, ती त्यांनी नेमकी तेव्हा दिली.

तुमच्या घरी हे दुखणं आलं, तर डॉक्टरांना विचारून मुळा जरूर करा. बटाट्याची आठवण बऱ्यापैकी भागवतो. पण आजारी माणसाने जेवणाचं कौतुक केलं, तर त्यावर जाऊ नका. पुन्हा विचारा. मी आता रोज विचारते. काल हे म्हणाले, "गवत खाल्ल्यासारखा वाटतंय."

मला इतकं बरं वाटलं. मी म्हटलं, असंच सांगत जा, आणि ताटात आणखी दोन काप वाढले.